चार दिवसांच्या फुलांनी जपानला बाराशे वर्षं काय शिकवलं?

फेब्रुवारी-मार्च आला की मुंबईच्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, विक्रोळीच्या आसपास, रस्त्याच्या कडेची झाडं गुलाबी होतात. पानं जवळपास गळालेली असतात आणि फांद्या फुलांनी लगडलेल्या. लोक गाड्या हळू करतात, फोन बाहेर काढतात. संध्याकाळपर्यंत रील्स फिरायला लागतात आणि कॅप्शन ठरलेलं असतं, 'हे जपान नाही, आपली मुंबई आहे.'

खरं तर ही झाडं चेरीची नाहीत. त्यांचं नाव टॅबेबुया, आपल्याकडे त्यांना बसंत रानी म्हणतात. ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. तरीही गुलाबी बहर दिसला की पहिलं नाव तोंडात येतं ते जपानचं.

फुलणाऱ्या झाडांची जगात काही कमी नाही. मग जपानच्या चेरीला, म्हणजे साकुराला, एवढं महत्त्व का आलं? ही फुलं पूर्ण उमलल्यावर जेमतेम आठवडाभर टिकतात. जोराचा पाऊस आला तर तेवढीही नाहीत. या आठवडाभरातून कविता आली, चित्रं आली, भक्ती आली, एक अख्खा सौंदर्यविचार आला. याच फुलाच्या नावाने तरुण पोरांना मरायलाही पाठवलं गेलं. आणि शेवटी याच फुलांमुळे हवामान शास्त्रज्ञांच्या हाती एक खजिना लागला.

सुरुवातीला मान होता प्लमला

आठव्या शतकातल्या जपानवर चीनचा मोठा प्रभाव होता. लिपी तिकडची, राज्यकारभाराची पद्धत तिकडची, आणि फुलांची आवडही तिकडचीच. दरबारी लोक प्लमच्या, म्हणजे 'उमे'च्या फुलांवर कविता करायचे. हे झाड चीनमधून आलेलं. थंडी पुरती सरायच्या आत फुलतं आणि त्याला सुगंधही छान असतो.

'मान्योशू' हा जपानी कवितांचा सर्वात जुना मोठा संग्रह आठव्या शतकातला आहे. त्यात प्लमच्या फुलांवर शंभराहून अधिक कविता आहेत. चेरीवरच्या कविता चाळीसच्या आसपास.

पुढे राजधानी आजच्या क्योतोला आली. इसवी सन ८१२ मध्ये सम्राट सागाने तिथल्या शिन्सेन-एन बागेत चेरीची फुलं बघण्यासाठी मेजवानी दिली, अशी नोंद आहे. दरबाराने चेरीच्या फुलांसाठी असा सोहळा केल्याची ही सर्वात जुनी नोंद मानली जाते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला 'कोकिनशू' हा पुढचा महत्त्वाचा संग्रह तयार झाला, तोवर पारडं फिरलं होतं. वसंताच्या कवितांमध्ये चेरी पुढे गेली होती. नुसतं 'फूल' म्हटलं तरी ते चेरीचं, असा अर्थ हळूहळू रूढ झाला.

चेरी ही जपानच्या डोंगरांत आपोआप उगवणारी. जपान स्वतःची भाषा आणि स्वतःची कविता घडवत होता, त्या काळात त्याला फूलही घरचंच सापडलं.

झाडं कुणाची? देवाची

क्योतोच्या दक्षिणेला, नारा प्रांतात, योशिनो नावाचा डोंगर आहे. आज तिथे सुमारे ३०,००० चेरीची झाडं आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांचे चार टप्पे मानले जातात. बहर खालून सुरू होतो आणि दिवसागणिक डोंगर चढत जातो.

ही झाडं केवळ शोभेसाठी लावलेली नाहीत. एन नो ग्योजा हा सातव्या शतकातला तपस्वी इथे साधना करत होता, अशी परंपरा सांगते. त्याला झाओ गोंगेन या उग्र देवतेचं दर्शन झालं आणि त्याने ते रूप चेरीच्या लाकडात कोरलं. तेव्हापासून चेरी हे या देवतेचं झाड झालं. दर्शनाला येणारे भाविक नारळ-फुलांऐवजी चेरीची रोपं वाहू लागले. शतकानुशतकं हे चाललं आणि नवसाच्या रोपांचं जंगल उभं राहिलं. २००४ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

याच डोंगराच्या ओढीने सायग्यो तिथे आला. त्याचा जन्म १११८ चा. तो सामुराई होता, निवृत्त सम्राटाच्या रक्षकदलात नोकरीला. ऐन विशीत त्याने सगळं सोडून बौद्ध भिक्षूची वस्त्रं घातली. पुढचं आयुष्य प्रवासात, झोपडीत आणि कवितेत गेलं.

पण भिक्षू झाल्यावर त्याची एक अडचण झाली. बौद्ध धर्म सांगतो, आसक्ती सोडा. सायग्योने घर सोडलं, पद सोडलं. चेरीच्या फुलांची ओढ काही सुटेना. त्याच्या कितीतरी कवितांमध्ये हीच ओढाताण आहे. जग सोडलेल्या माणसाचं मन फुलांत अडकतंच कसं, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारत राहतो. ती ओढ त्याने कधी लपवली नाही.

एका कवितेत त्याने इच्छा व्यक्त केली होती की मरण यावं ते वसंतात, फुललेल्या झाडाखाली, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास. जपानमध्ये जुन्या पंचांगाप्रमाणे हाच बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा दिवस मानतात. ११९० मध्ये सायग्यो गेला, तो दुसऱ्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी. पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी. त्या काळच्या कवींना या योगायोगाने हलवून सोडलं. जवळपास पाचशे वर्षांनी बाशो हा हायकूंचा मोठा कवी त्याच्याच वाटेने योशिनोला गेला.

'मोनो नो अवारे' म्हणजे नेमकं काय?

साकुराबद्दल वाचताना हा शब्द हमखास भेटतो. त्याचं भाषांतर बहुतेक वेळा 'क्षणभंगुरता' असं केलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे.

मोतोओरी नोरिनागा हा अठराव्या शतकातला विद्वान. पोटापाण्याचा धंदा वैद्यकीचा आणि ओढा जुन्या साहित्याचा. 'गेंजी मोनोगातारी' ही जुनी कादंबरी अभ्यासताना त्याने मांडलं की साहित्याचं काम उपदेश करणं हे नाही. समोरच्या गोष्टीने मन हलणं आणि ते हलणं ओळखता येणं, हे खरं. त्यालाच तो 'मोनो नो अवारे' म्हणतो. अगदी घरगुती मराठीत सांगायचं तर एखादी गोष्ट बघून 'जीव हळहळणं'.

आपल्याकडच्या वैराग्याच्या विचाराशी याची तुलना केली की फरक लगेच कळतो. फूल गळणार आहे, म्हणून त्यात गुंतू नकोस, असं वैराग्य सांगतं. फूल गळणार आहे हे ठाऊक असूनही मन गुंततं, तर ते गुंतणं नीट बघ, असं नोरिनागा सांगतो. दुःख टाळण्याचा सल्ला तो देत नाही. फूल आवडणं आणि ते जाणार याची हुरहूर लागणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढंच तो म्हणतो.

नोरिनागाने आपल्या थडग्याजवळ डोंगरी चेरी लावावी, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

फुलं ठीक, पण डबा कुठंय?

बहर बघायला जाणं याला जपानीत 'हानामी' म्हणतात. आधी हा दरबाराचा शौक होता, मग सरदारांचा झाला. १५९४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी हा सत्ताधीश सुमारे ५,००० माणसांचा लवाजमा घेऊन योशिनोला गेला होता. १५९८ च्या वसंतात त्याने क्योतोजवळ दाइगो इथे पुन्हा मोठा हानामी केला. त्याच वर्षी तो वारला.

सामान्य माणसाच्या वाट्याला ही फुलं आली ती अठराव्या शतकात. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याने एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, असुकायामाच्या टेकडीवर आणि सुमिदा नदीच्या काठी चेरीची झाडं लावून घेतली. लोक सहकुटुंब यायला लागले. चटया अंथरल्या गेल्या, डबे उघडले गेले, साके आली, गाणी सुरू झाली.

जपानीत एक म्हण आहे. तिचा अर्थ, 'फुलांपेक्षा डँगो बरा'. डँगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे काडीला टोचलेले गोड गोळे. आपल्या 'आधी पोटोबा, मग विठोबा'ची ही सख्खी बहीणच. साकुराखाली बसलेला प्रत्येक जण काही ध्यान लावून बसलेला नसतो. तरी वर्षातून एक दिवस काम बाजूला ठेवून झाडाखाली जायचं, हे मात्र ठरलेलं असतं.

एक फांदी थेट फ्रान्सला पोचली

१८५७ मध्ये हिरोशिगे या चित्रकाराने एदोतल्या कामेइदो इथल्या प्लमच्या बागेचं चित्र केलं. ठसे वापरून छापलेलं, स्वस्तात विकलं जाणारं. चित्रात समोर एक जाड फांदी इतकी जवळ आली आहे की बाकीची बाग तिच्या आडून दिसते. अशी शेकडो चित्रं पुढे युरोपात पोचली आणि काही विन्सेंट व्हॅन गॉगच्या हाती लागली. तो ती जमवायचा. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेच्या याच चित्राची तैलरंगात प्रत केली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्सला गेला. तिथे त्याला जपानसारखा प्रकाश हवा होता. वसंत आला आणि फळबागा फुलल्या. बहर संपायच्या आत त्याने झपाटल्यासारखी १४ चित्रं काढली. वाऱ्यात कॅनव्हास हलू नये म्हणून स्टँड जमिनीत खुंट्यांना बांधून तो काम करायचा.

मग १८९० उजाडलं. व्हॅन गॉग तेव्हा सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. ३१ जानेवारीला त्याचा भाऊ थिओ याला मुलगा झाला आणि बाळाचं नाव काकाच्याच नावावरून 'विन्सेंट' ठेवलं. काकाने पुतण्यासाठी चित्र काढलं. निळं आकाश आणि त्यावर बदामाच्या फुललेल्या फांद्या. फांद्यांची ती मांडणी जपानी चित्रांकडून आलेली. बदाम निवडण्यामागे कारण होतं. त्या भागात तो सगळ्यांच्या आधी, फेब्रुवारीतच फुलतो. नव्या जिवासाठी नव्या ऋतूचं पहिलं फूल.

हे चित्र करत असतानाच व्हॅन गॉग पुन्हा आजारी पडला. बरा होईपर्यंत बहर जवळजवळ ओसरला होता. जुलैमध्ये त्याचा मृत्यू झाला. ते बाळ मोठं होऊन इंजिनिअर झालं आणि काकाची चित्रं एकत्र राहावीत म्हणून झटलं. अॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम १९७३ मध्ये उघडलं, त्यामागे या पुतण्याचा मोठा वाटा आहे. बदामाच्या फांद्या आज तिथेच आहेत.

याच फुलाचा शस्त्रासारखा वापर झाला

आता या गोष्टीची दुसरी बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने आधुनिक सैन्य उभं केलं आणि साकुराला नवा अर्थ चिकटवला. चेरीची फुलं कोमेजत बसत नाहीत, ऐन भरात असताना गळतात, तसं सैनिकाने सम्राटासाठी तरुणपणी मरावं. टोकियोतल्या यासुकुनी या युद्धातल्या मृतांच्या देवस्थानातही चेरीची झाडं लावली गेली.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपीन्समध्ये पहिली आत्मघातकी विमानपथकं तयार झाली, ज्यांना जग कामिकाझे म्हणून ओळखतं. पहिल्या चार तुकड्यांची नावं नोरिनागाच्या एका कवितेतून उचलली होती. त्यातली एक 'यामाझाकुरा', म्हणजे डोंगरी चेरी. मन हळवं होणं हेच खरं मानणाऱ्या माणसाची कविता अशी वापरली गेली.

पुढे 'ओका' नावाचं रॉकेटवर चालणारं छोटं विमान आलं. 'ओका' म्हणजेच चेरीचं फूल. पुढच्या टोकात सुमारे १,२०० किलोचा स्फोटक साठा आणि आत एक वैमानिक. परत येण्याची सोयच नव्हती. एप्रिल १९४५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. चिरानच्या धावपट्टीवर शाळकरी मुली चेरीच्या फुललेल्या फांद्या हलवून एका वैमानिकाला निरोप देत आहेत.

मानववंशशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी मोहिमेवर गेलेल्या विद्यार्थी-सैनिकांच्या डायऱ्या अभ्यासल्या. ही मुलं चांगली शिकलेली, जगभरचं साहित्य वाचणारी होती. डायऱ्यांमध्ये अढळ देशभक्तीपेक्षा घालमेल जास्त आहे. जगायची इच्छा आहे, शंका आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. फूल तेच, गळणंही तेच. 'हे लवकर जाणार आहे, म्हणून नीट बघून घे' आणि 'हे लवकर जातं, म्हणून तूही जा', हे दोन्ही अर्थ माणसांनी लावलेले आहेत. निसर्गातून प्रेरणा घेताना ती कोण आपल्या हातात देतंय, हेही बघावं लागतं.

झाडाला कसं कळतं, आता फुलायचं?

चेरीच्या कळ्या वसंतात तयार होत नाहीत. त्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि मग झोपी जातात. त्यांना जागं करायला आधी कडाक्याची थंडी लागते, काही आठवड्यांची. थंडीचा कोटा पूर्ण झाला की मग उबेची वाट बघणं सुरू होतं. पुरेशी ऊब मिळाली की फुलं उमलतात. म्हणजे चांगल्या बहरासाठी हिवाळा हिवाळ्यासारखाच हवा. चेरीचं गणित वेगळं असलं तरी मोहर आणि थंडीचं नातं कोकणातल्या आंबा बागायतदाराला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आज जपानमध्ये सर्वाधिक दिसणारी जात 'सोमेइ योशिनो' ही एकोणिसाव्या शतकात एदोजवळच्या सोमेइ गावातून पसरलेली. ही सगळी झाडं कलमं आहेत. जसा प्रत्येक हापूस मूळच्या एका झाडाशी बांधलेला, तसंच हे. सगळ्यांचे जनुक सारखे, त्यामुळे एका भागातली झाडं जवळपास एकाच वेळी फुलतात. टीव्हीवर दाखवतात ती 'साकुराची लाट' मार्चअखेरीस दक्षिणेकडून निघते आणि मेच्या सुरुवातीला उत्तरेच्या होक्काइदोला पोचते, ती यामुळेच. टोकियोत बहर सुरू झाल्याची घोषणा करण्यासाठी हवामान खातं एक ठराविक झाड बघतं. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की घोषणा होते. ते झाड यासुकुनीच्याच आवारात आहे.

डायऱ्यांतून निघालं हवामान

क्योतोचे दरबारी, सरदार आणि भिक्षू शतकानुशतकं डायरीत लिहीत होते, अमुक दिवशी फुलं पूर्ण उमलली, अमुक दिवशी मेजवानी झाली. त्यांना विज्ञान करायचं नव्हतं. फुलं बघून जे वाटलं ते लिहायचं होतं, आणि सोबत तारीख पडत गेली.

यासुयुकी आओनो या जपानी शास्त्रज्ञाने या जुन्या नोंदी शोधून एकत्र केल्या. मधली काही वर्षं गायब आहेत, पण मालिका थेट ८१२ पर्यंत मागे जाते. एकाच जागी, एकाच ऋतूतल्या घटनेची एवढी लांब नोंद जगात दुर्मीळ आहे.

या नोंदी सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोतला पूर्ण बहर साधारण एप्रिलच्या मध्याला यायचा. २०२१ मध्ये तो आला २६ मार्चला. त्याआधीचा सर्वात लवकरचा बहर १४०९ सालचा होता, २७ मार्चचा. जागतिक तापमानवाढ आणि शहरात साठणारी उष्णता, दोन्हींचा यात हात आहे. थंडी फारच कमी झाली तर उष्ण भागातल्या कळ्या नीट जाग्याच होणार नाहीत, बहर विस्कळीत होईल, अशीही भीती आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

मराठीत ही दृष्टी नवी नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' चैत्रापासून महिन्यामागून महिना निसर्ग बघत जातं. पळस, पांगारा, काटेसावर आपल्याकडेही पानं झडल्यावरच पेटून उठतात. त्यासाठी जपानचं तिकीट काढावं लागत नाही.

आपल्याकडे कमी आहेत त्या तारखा. आपल्या गावातला पळस तीस वर्षांपूर्वी कधी फुलायचा, हे बहुतेकांना आठवणीवरच सांगावं लागतं. 'सीझनवॉच' हा भारतातला लोकसहभागाचा उपक्रम नेमकं हेच काम करतो. कुणीही आंबा, बहावा अशी जवळची झाडं निवडायची, त्यांच्यावर पालवी, फुलं, फळं कधी येतात ते बघायचं आणि नोंदवायचं.

तेही जमत नसेल तर एक सोपी गोष्ट आहे. यंदा गुलाबी रस्त्याची किंवा केशरी पळसाची रील टाकाल, तेव्हा कॅप्शनमध्ये जपानच्या जोडीला तीन गोष्टी लिहा: झाड कोणतं, गाव कोणतं, तारीख कोणती. आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली पुन्हा जा.